मोसंबीची साल आणि जळलेली साखर : नाताळचा केक घरी करताना

नाताळच्या केकची तयारी ऑक्टोबरच्या अखेरीस, आंबिया बहाराची मोसंबी बाजारात स्वस्त झाली की सुरू करावी. आमच्या जालन्याकडे त्या दिवसांत रस्त्याकडेच्या रसवाल्यांसमोर सालींचे ढीग पडलेले असतात आणि संध्याकाळी ते गुरांपुढे किंवा कचऱ्यात जातात. त्याच सालींचा एक वाटा साखरेत मुरवून ठेवला, तर डिसेंबरात केकमध्ये घालायला बाजारातून रंगीत टुटीफ्रुटी आणावी लागत नाही. हा लेख ज्यांनी आजवर एकही केक केलेला नाही, घरात कदाचित ओव्हनही नाही, पण यंदा नाताळचा गडद, मेव्याने भरलेला केक आपल्या हाताने करून पाहायचा आहे, अशा वाचकांसाठी आहे.

या केकला आपल्याकडे सर्रास ‘प्लम केक’ म्हणतात आणि नवशिके आलुबुखार शोधत दुकाने पालथी घालतात. तशी गरज नाही. जुन्या इंग्रजीत ‘प्लम’ हा शब्द मनुका, बेदाणे अशा सुकवलेल्या द्राक्षांसाठीही सर्रास वापरला जात असे, आणि नाव तिथूनच चिकटले आहे. या केकचा पूर्वज तर केकही नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मांस, धान्य, सुकी फळे आणि मसाले एकत्र शिजवून दाट पेज करत असत. पुढे तिच्यातले मांस गेले, मिश्रण घट्ट झाले आणि फडक्यात बांधून उकडले जाऊ लागले, ते झाले नाताळचे पुडिंग. भट्टीत भाजलेला, मेव्याने भरलेला मोठा केक तिकडे मुळात ६ जानेवारीच्या सणाला, म्हणजे नाताळनंतरच्या बाराव्या दिवसाच्या उत्सवाला कापत. त्यात घेवड्याचा एक दाणा लपवलेला असे आणि ज्याच्या तुकड्यात तो निघेल तो त्या रात्रीचा राजा. एकोणिसाव्या शतकात या बाराव्या दिवसाचे महत्त्व ओसरले आणि त्याचा केक हळूहळू २५ डिसेंबरच्या ताटात आला.

आपल्या देशात हा केक आला तो प्रत्येक ठिकाणी तिथलाच होऊन राहिला. केरळात थलश्शेरीला मम्बल्ली बापू या बेकरीवाल्याने १८८३ मध्ये मर्डोक ब्राउन नावाच्या साहेबाने दिलेला नमुना चाखून तसाच केक करून दिला आणि परदेशी मद्याऐवजी स्थानिक मद्य वापरले, अशी हकीकत तिकडे आवर्जून सांगितली जाते. अलाहाबादच्या केकमध्ये लोण्याऐवजी साजूक तूप असते, शिवाय कोहळ्याचा पेठा आणि संत्र्याचा मुरंबा. गोव्यात तर नाताळच्या ताटात बेबिंका असते, नारळाचे दूध आणि अंड्यातील पिवळा बलक घालून एकेक थर वरून आच देत भाजलेली. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. तेव्हा मराठवाड्याच्या केकमध्ये मोसंबीची साल आणि जमल्यास काकवी पडली, तर त्यात वावगे काही नाही. रीत मोडण्याऐवजी उलट ती पाळल्यासारखेच होईल.

साल मुरवणे

चार मोठी मोसंबी मिठाच्या कोमट पाण्यात चोळून धुवावीत, कारण बागेतली फवारणी सालीवरच बसलेली असते. रस काढून झाल्यावर आतला चोथा खरवडून टाकावा, पांढरा पापुद्रा मात्र तसाच राहू द्यावा. साखर तोच धरून ठेवतो. सालीचे हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडे मोठे तुकडे करून भरपूर पाण्यात दहा मिनिटे उकळावेत आणि पाणी ओतून द्यावे. हे तीनदा करावे. पहिल्या दोन पाण्यांतच कडवटपणा गेला असे वाटते, पण तिसरे पाणी टाळल्यास केकमध्ये तो हमखास परत डोके वर काढतो. नंतर तुकड्यांच्या वजनाइतकी साखर आणि तिच्या निम्मे पाणी घेऊन तुकडे मंद आचेवर सुमारे पाऊण तास शिजू द्यावेत. ते काचेसारखे आरपार दिसू लागले आणि पाक आटत आला की ताटलीत पसरून वर मलमलचे फडके टाकावे. आपल्याकडचे ऑक्टोबरचे ऊन दोन दिवसांत त्यांना खडखडीत करते. कोरड्या बरणीत ही साल नाताळपर्यंत सहज टिकते.

मेवा भिजवणे

सुमारे एक किलोहून थोडा अधिक भरणाऱ्या केकसाठी काळे मनुके १५० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम आणि वर केलेली साल ५० ग्रॅम घ्यावी. खजुराचे तुकडे मनुक्याएवढेच करावेत. मोठे राहिले तर केक कापताना सुरी त्यांना ओढत नेते आणि काप फाटतो.

ज्यांच्या घरी चालते ते हा मेवा रममध्ये महिनाभर मुरवतात. चालत नसेल तर केकचे फारसे अडत नाही. मेव्यावर १५० मिलिलिटर मोसंबीचा ताजा रस घालून एक उकळी आणावी, झाकण ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी केक करावा. रसात भिजवलेला मेवा आठवडाभर ठेवायचा असल्यास फ्रीजमध्येच ठेवावा, नाहीतर तो आंबतो. भिजवण्याची गरज का, हे एकदा समजून घेतले की कोणी ही पायरी गाळत नाही: कोरडा मनुका केक भाजला जात असताना भोवतालच्या पिठातले पाणी शोषून घेतो, आणि मग मनुका रसरशीत व केक भुगा, अशी अवस्था होते.

बाकीचे साहित्य

मैदा २०० ग्रॅम, लोणी (बिनमिठाचे बटर) १५० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, जाळण्यासाठी साधी साखर ८० ग्रॅम, अंडी तीन, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, काजू-बदामाचे तुकडे ७५ ग्रॅम. मसाल्यांमध्ये दालचिनीची पूड एक चमचा, सुंठ अर्धा चमचा, जायफळ पाव चमचा आणि लवंगेची पूड त्याहूनही कमी, कारण लवंग जरा जास्त झाली की केकला दातांच्या औषधाचा वास येतो. वजनकाटा नसल्यास शेजारच्या किराणा दुकानातून मैदा आणि साखर नेमक्या वजनाची बांधून आणावी. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला, यावर एका वाटीमागे वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि नवशिक्यांचे बहुतेक केक तिथेच घट्ट होतात.

बेकिंग पावडरची सोय तशी अलीकडची आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी ती तयार केली. त्याआधी केक फुगवायचा म्हणजे बहुतेक वेळा एकतर यीस्ट, नाहीतर तासभर अंडी फेटणारे मनगट. डबा उघडून सहा महिने झाले असतील, तर गरम पाण्यात चमचाभर पावडर टाकून पाहावी. जोरात फसफसली नाही तर नवीन आणावी.

साखर जाळणे

केकचा काळसर तपकिरी रंग आणि किंचित कडवट गोडी येते ती जळलेल्या साखरेतून, आणि या पायरीला नवखी माणसे सर्वांत अधिक घाबरतात. जाड बुडाच्या पातेल्यात ८० ग्रॅम साखर आणि दोन चमचे पाणी मध्यम आचेवर ठेवावे. चमचा घालू नये, फक्त पातेले हलकेच फिरवावे. आधी बुडबुडे मोठे आणि पांढरे येतात, मग ते लहान होतात आणि कडेने मधाचा रंग धरतो. इथपर्यंत पाच-सात मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते आणि पुढचे सगळे एका मिनिटात घडते. मधाचा रंग तांब्याचा होतो, तांब्याचा जुन्या पितळेसारखा काळपट होतो आणि पृष्ठभागावरून धुराची पहिली बारीक रेघ उठते. त्या क्षणी गॅस बंद करावा आणि आधीच शेजारी उकळून ठेवलेले ६० मिलिलिटर पाणी हात लांब ठेवून, थोडे थोडे ओतावे. मोठा चर्र आवाज होतो आणि शिंतोडे उडतात, म्हणून लहान मुलांना या वेळी ओट्यापासून लांब ठेवावे. पाणी थंड असेल तर साखरेचा दगड होतो आणि शिंतोडेही अधिक उडतात.

मी पहिल्यांदा केला तेव्हा धुराला भिऊन मधाच्या रंगावरच थांबलो होतो. केक चवीला बरा झाला, पण दिसायला रव्याच्या केकसारखा फिकट, आणि घरातल्यांनी तो नाताळचा आहे हे मान्य केले नाही. दुसऱ्या वर्षी उलट टोक गाठले. साखर पार कोळसा झाली. कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला बोचत असेल तर ते मिश्रण टाकून द्यावे, ऐंशी ग्रॅम साखरेसाठी पूर्ण केकचे साहित्य पणाला लावू नये. जळलेल्या साखरेऐवजी तीन चमचे काकवीही चालते, आणि खरे तर तिची चव मला अधिक खोल वाटते. त्या वेळी पाव चमच्याहून कमी खायचा सोडा मैद्यात मिसळावा, कारण काकवी किंचित आंबट असते.

फेटणे

डिसेंबरात, विशेषतः परभणी-हिंगोलीकडच्या थंडीत, लोणी ओट्यावर तासभर ठेवले तरी दगडासारखेच राहते. ते दुपारच्या उन्हात झाकून ठेवावे. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण वितळता कामा नये. अंडीही फ्रीजमधून दोन तास आधी काढावीत. लोणी आणि पिठीसाखर एका दिशेने आठ-दहा मिनिटे फेटत राहावे. रंग पिवळ्याचा जवळजवळ पांढरा होतो आणि मिश्रण हाताला हलके लागू लागते. या फेटण्यात अडकलेली हवाच पुढे भट्टीत फुगते, बेकिंग पावडर तिला फक्त हातभार लावते.

अंडी एकेक करून घालावीत आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण मिसळेपर्यंत पुढचे फोडू नये. मिश्रण फाटल्यासारखे, दह्याच्या कवड्यांसारखे दिसू लागले तर घाबरू नये. एक चमचा मैदा घातला की ते सावरते. आता गार झालेले जळक्या साखरेचे पाणी घालावे. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि मसाले एकत्र दोनदा चाळून तीन भागांत मिसळावेत, तेही लाकडी पळीने खालून वर उचलत. मैदा पडल्यानंतर फेटायचे नाही. फेटले की मैद्यात चिवटपणा येतो आणि केक पावासारखा ओढ देऊ लागतो.

मेवा गाळून घ्यावा, त्यावर दोन चमचे मैदा भुरभुरून हलवावा आणि काजू-बदामांसह शेवटी घालावा. मैद्याच्या या पातळ थरामुळे मेवा तळाशी बसत नाही, पण मिश्रणच सैल असेल तर हा उपायही फुकट जातो. पळी उचलल्यावर ते धारेसारखे न ओघळता गोळ्यागोळ्याने पडले पाहिजे. फार घट्ट वाटल्यास मेव्यातून गळलेला रस दोन-तीन चमचे घालावा.

अंडी चालत नसल्यास लोणी १२० ग्रॅमच घ्यावे आणि २०० ग्रॅम ताज्या घट्ट दह्यात अर्धा चमचा खायचा सोडा मिसळून ते अंड्यांच्या जागी वापरावे. हा केक चांगला होतो, पण आठवडाभरातच संपवावा लागतो.

भाजणे : ओटीजी, कुकर की भट्टी

डब्याला तळाशी आणि बाजूंनी बटर पेपर लावावा, बाजूचा कागद डब्याच्या काठाहून बोटभर वर ठेवावा. ओटीजी (विजेवर चालणारा घरगुती ओव्हन) असल्यास १८ सेंटिमीटर व्यासाच्या उंच डब्यात सगळे मिश्रण मावते. आधी पंधरा मिनिटे तापवून १६० अंश सेल्सिअसवर ऐंशी ते नव्वद मिनिटे भाजावे. पहिला तासभर दार उघडू नये. मध्येच लाईट गेली तरीही उघडू नये. आतली धग वीस-पंचवीस मिनिटे काम करत राहते आणि लाईट आल्यावर तेवढा वेळ वाढवून घेता येतो. उघडले की मधला भाग खचतो आणि तो पुन्हा वर येत नाही.

कुकरमध्ये करायचा तर निम्मे साहित्य आणि १५ सेंटिमीटरचा डबा घ्यावा, अंडी मात्र दोन लहान. जुना, जाड अॅल्युमिनियमचा कुकर वापरावा, त्याची शिट्टी आणि रबर काढून ठेवावी. तळाशी दीड-दोन पेर जाडीचा चाळलेल्या, धुऊन वाळवलेल्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्यावा, त्यावर स्टँड ठेवावे. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवल्यावर डबा आत ठेवावा आणि आच अगदी मंद करावी. पंचावन्न ते पासष्ट मिनिटे लागतात. वरून आच नसल्यामुळे हा केक वरच्या बाजूला फिकट राहतो. तेवढे चालवून घ्यावे. ही युक्ती नवीन नाही. ओव्हन घराघरांत येण्याआधी आपल्याकडे वाळूच्या कढईवर डबा आणि झाकणावर निखारे ठेवून रव्याचे केक भाजत, आणि त्यात वरची बाजूही खरपूस होई, जी गॅसवर होत नाही.

तिसरा मार्ग भट्टीचा, आणि मराठवाड्यात तो सर्वांत जुना. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचा (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) संबंध लोक मुहंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा सोबत आलेल्या लष्कराशी जोडतात; ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, मोठ्या भट्टीत एका वेळी शेकडो नान भाजण्याची विद्या या शहरात रुजलेली आहे हे सहज दिसते. नानकटाईची कथा सुरतेची. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणारी भट्टी डच गेल्यावर दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली. पाव खपेना, म्हणून त्यांनी अंडी आणि ताडी दोन्ही न लागणारी बिस्किटे सुरू केली, असे सांगतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन भट्टीवर रांग लावायची, डब्याच्या झाकणावर तेलरंगात घातलेले आडनाव वर दिसेल असा डबा ठेवायचा आणि रात्री उशिरा कोमट नानकटाई घेऊन घरी यायचे, ही रीत अनेक गावांत आजही आहे. त्याच भट्टीत केकचा डबाही भाजून मिळतो, फक्त वेळ ओळखता आली पाहिजे.

मला ती ओळखता आली नव्हती. एका वर्षी संध्याकाळी पाव भाजणे सुरू असतानाच डबा दिला. विसाव्या मिनिटाला तो परत हातात आला तेव्हा वर काळी खरपुडी आणि आत कच्चे पीठ हलत होते. पावाला लागते त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक धग केकला हवी असते. म्हणून शेवटचा पाव निघून, निखारे बाजूला ओढून तासभर झाल्यावरच डबा आत जाऊ द्यावा. खात्री करायची तर भट्टीवाल्याला विनंती करून पांढऱ्या कागदाचा कपटा आत टाकून पाहावा. तो लगेच काळवंडला तर थांबावे. चार-पाच मिनिटांत हळूहळू बदामी झाला तर डबा ठेवावा. वरचा भाग लवकर रंगू लागल्यास कागद पाण्यात बुडवून, पिळून डब्यावर झाकावा.

कोणत्याही पद्धतीत केक झाला की नाही हे विणकामाच्या सुईने पाहावे. ती मधोमध तळापर्यंत खुपसून काढल्यावर कोरडी आली पाहिजे. मनुक्याचा चिकटपणा लागला तर शेजारी दुसऱ्या ठिकाणी टोचावे. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या दिसतात, आणि कान जवळ नेल्यास आतला बारीक फुसफुस आवाज जवळजवळ थांबलेला असतो.

मुरवणे आणि कापणे

केक डब्यातच पूर्ण गार होऊ द्यावा, मग कागदासकट काढून आणखी एका बटर पेपरात आणि वर स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा. त्याच दिवशी कापलेला केक भुगा होतो आणि मसाले वेगवेगळे लागतात. तीन दिवसांनी ते एकजीव होतात, म्हणून २१ किंवा २२ डिसेंबरला भाजलेला केक २५ ला बरोबर लागतो. रममधल्या मेव्याचा केक असेल तर तो दोन आठवडे आधी करून, दर चार दिवसांनी वर चमचाभर रम शिंपडत ठेवता येतो. रसातला केक इतके दिवस बाहेर ठेवू नये. मराठवाड्याची डिसेंबरातली हवा कोरडी असल्यामुळे बुरशीची भीती कोकणाच्या मानाने कमी, पण केक उघडा राहिला तर रात्रीत कडा वाळतात.

साखरेचा पांढरा थर देण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये. कापताना लांब, दातेरी सुरी घ्यावी, प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसावी आणि काप बोटभर जाडीचेच ठेवावेत, कारण हा केक पोटाला जड असतो. जालना-संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळला येणाऱ्या ताटात केकशेजारी करंजी, शंकरपाळे आणि चकली असतेच. मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून इथला हा समाज मराठीच बोलतो आणि त्याचा फराळही मराठीच आहे. ताट पाठवायचे असल्यास केकचे काप बटर पेपरात वेगळे गुंडाळून द्यावेत. मोकळे ठेवल्यास तासाभरात त्यांना चकलीचा वास लागतो.